बत्ती आ री है, भिया

आमची गाडी दोन दारांची, जर्मन, सेकंडहँड, आणि कॉलेजात जाणाऱ्या भाच्याच्या वयाची. बंद मात्र पडत नाही. पडली असती तर एकच तक्रार असती! ही मजेत चालते आणि चालता चालता कुरकुरते. किल्ली फिरवली की आधी एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा, मग घसरत्या गाडीचं पिवळं चित्र, मग 'ब्रेक तपासा', 'स्टिअरिंग तपासा', आणि प्रत्येक ओळीला एक टिंग.

इंदुरात फुकटचा सल्ला आणि पोह्यांवरची शेव, नको म्हटलं तरी पडतेच. "बॅटरी काढून लावा," "सेन्सर गेला," "विकून टाका." रामबागेतले काका तर म्हणाले, "दिव्यावर काळी टेप लाव."

एका चकचकीत गॅरेजने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर खुपसला. त्यावर येणाऱ्या बिघाडाच्या कोडच्या पहिल्या अक्षरावरून खातं कळतं: पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी. यू म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्याकडे चारही अक्षरं हजर. यूचा अर्थ ऐकून बायको म्हणाली, "इतकी वर्षं एका घरात काढल्यावर होतं असं." त्यांनी चाकाचा सेन्सर बदलला, कोड पुसले, बिल दिलं. पलासिया चौकात पोचेपर्यंत सगळे दिवे परत. पुसण्याचे पैसे घेतात हे लोक!

शेवटी छावणीतल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. स्कॅनर नाही, नुसता मल्टिमीटर. बॅटरी 12.6 व्होल्ट, ठणठणीत. मग त्याने एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या लोखंडाला, आणि म्हणाला, "मारो सेल्फ." जिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, तिथे काटा दोनाच्या पुढे. "अर्थिंग सड़ री है, भिया. सेल्फ मारो तो सबका करंट बैठ जाता है, फिर सब चिल्लाते हैं." म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग सगळे निर्दोष; व्होल्टेज कोसळलं की जो तो आपलंच दुखणं मांडत होता.

अर्थिंगची, म्हणजे इंजिन आणि बॉडी जोडणारी ती विणलेली तांब्याची पट्टी त्याने काढून हातावर ठेवली. टोकाला हिरवी पूड, निम्म्या तारा तुटलेल्या. 2017 पासून इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं. पालिका या बोल्टापर्यंत तेवढी पोचली नाही.

तशी या शहराला दिव्यांची सवय जुनी हवी. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्याकडे ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी होती, 1928 सालच्या मॉडेल जेच्या घराण्यातली. मॉडेल जेच्या डॅशबोर्डवर 700 मैल झाले की तेल बदलायचा दिवा लागे, 1400 झाले की बॅटरी बघायचा. पण तिथे दिवा लागला की महाराज नव्हे, दुसरंच कुणीतरी धावत असणार.

नवी पट्टी बसली, बोल्टाखालचा रंग खरवडला, आणि किल्ली फिरवताच मीटर काळंभोर. म्हाताऱ्याने पट्टीचे आणि चहाचे तेवढे घेतले.

आता धास्ती उरली ती एअरबॅगच्या लाल दिव्याची. त्याचं पिवळं कनेक्टर शेजारच्या सीटखाली आहे; सीट सरकली की ते हलतं, आणि लागलेला दिवा स्कॅनरशिवाय विझत नाही, म्हणजे पुन्हा ते चकचकीत गॅरेज. कनेक्टर नीट करायला म्हातारा दिवाळीनंतरची तारीख देतो. तोवर सीट बायकोच्या मापाला कायम. सासरे सहा फुटी आहेत. गुडघे हनुवटीला लावून बसतात आणि विचारतात, "जावईबापू, हिला स्पोर्ट्स का म्हणतात?"