खेकडा चालतो, पुतण्या चालत नाही

मार्चमध्ये वहिनी नाशिकहून आल्या आणि पर्समधून एक रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. "भाऊजी, हे याचे पेपर संपेपर्यंत तुमच्याकडे ठेवा, आमच्या घरात कुठेही लपवलं तरी हा शोधून काढतो." आत पुतण्याचा निन्टेन्डो स्विच होता, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन. मी बँकेत नोकरी करतो, लोकांच्या वस्तू सांभाळून ठेवणं हा माझा धर्मच आहे, त्यामुळे मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि तिसऱ्या दिवशी, बॅटरी पूर्ण उतरली तर मशीन खराब होतं म्हणतात, म्हणून फक्त चेक करायला चालू केला.

तिथून सगळा घोळ सुरू.

त्यात 'हेडीस' नावाचा गेम होता, 2020 मध्ये आलेला. हेडीस म्हणजे ग्रीक लोकांचा पाताळाचा राजा, साधारण आपला यम समजा. त्याचा एक मुलगा आहे, झॅग्रियस, त्याला घर सोडून पळून जायचंय, बस एवढीच गोष्ट. आधी टार्टरस, मग लाव्हाने भरलेलं अॅस्फोडेल, मग इलिझियम म्हणजे वीरपुरुषांचा स्वर्ग, मग स्टिक्सचं मंदिर आणि मग वर उघड्यावर. मध्ये कुठेही मेलात की परत बापाच्या घरी, रक्ताच्या कुंडातून डोकं वर काढून चालत यायचं, आणि पुढच्या वेळी खोल्यांचा क्रम बदललेला, म्हणजे पाठांतर करून पास व्हायची सोय नाही. बाप टेबलामागे फायली उपसत बसलेला असतो आणि जाता येता टोमणे मारतो. खरं सांगायचं तर मला सुरुवातीला त्या बापाबद्दलच सहानुभूती वाटली. दिवसभर ऑफिसचं काम घरात, पायाशी कुत्रा, आणि पोरगं दर अर्ध्या तासाने पळून जाऊन हात हलवत परत.

पहिल्यांदा मी मेलो तो टार्टरसच्या तिसऱ्या का चौथ्या खोलीत. मग पाचवीत. मग परत तिसरीत, कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकून भलतंच बटन दाबलं. टार्टरसच्या शेवटी मेगिरा नावाची बाई चाबूक घेऊन उभी असते, तिने मला अकरा वेळा मारलं. घरी परत आलं की दारात हिप्नोस, म्हणजे साक्षात निद्रादेव, यादी घेऊन पेंगत असतो आणि तुम्ही कशाने मेलात ते वाचून दाखवतो. वर सल्लाही देतो, पण असा की पुढच्या वेळी मरू नका. आमच्या शाखेत ऑडिटला येणारे साहेब नेमकं हेच करतात.

आमची कन्या बारा वर्षांची आहे. ती शेजारी बसून बघायची आणि किती वेळा मेलो त्याच्या रेघा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाशेजारी मारायची. तिने एक नियमही करून टाकला की गॉड मोड लावायचा नाही. हे गॉड मोड प्रकरण मला पुतण्याने फोनवर सांगितलं होतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं की तुम्हाला होणारी इजा 20 टक्क्यांनी कमी होते, आणि दर मरणाला अजून 2 टक्के वाढत जातात, 80 पर्यंत. म्हणजे अगदी महागाई भत्त्याचं तत्त्व, सरकारी माणसाला पटणारं. मी एका रात्री सगळे झोपल्यावर ते हळूच चालू केलं. सकाळी सहा वाजता दात घासत घासत कन्येने सेटिंग उघडून बघितलं, एक शब्द न बोलता बंद केलं आणि शाळेत गेली. इतकी शरम मला कॅशमध्ये फरक आला तेव्हाही वाटली नव्हती.

आता यात अन्याय असा आहे की ग्रीक पुराणांतले मोठमोठे हिरो गॉड मोडवरच खेळलेले आहेत, अक्षरशः. पर्सियसने केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसाचं डोकं कापलं म्हणून एवढं कौतुक, पण त्याच्याकडे उडायचे जोडे, अदृश्य करणारी टोपी आणि वर कापताना हात धरून दिशा दाखवायला खुद्द अथिना देवी. एवढं सामान दिल्यावर आमच्या शाखेतला शिपाईही जाऊन आला असता.

असो. एकेचाळिसाव्या फेरीला रविवार होता आणि पुतण्या प्रॅक्टिकल संपवून दोन दिवस आमच्याकडे आलेला. मी कसाबसा इलिझियमच्या शेवटाला पोचलो होतो. तिथे थिसियस आणि बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर एकत्र अंगावर येतात. म्हणजे ज्या थिसियसने क्रीटच्या चक्रव्यूहात जाऊन त्याच मिनोटॉरला मारलं होतं, ते दोघे मेल्यावर जुनं वैर विसरून युती करून बसलेत, आपल्याकडे जिवंतपणी करतात एवढाच फरक. थिसियस समोर ढाल धरतो त्यामुळे मागून मारावं लागतं, आणि मागून मारायला गेलं की बैल येऊन धडकतो. माझ्या अंगठ्याला कळ लागली, जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी संपत आली आणि मी ओरडलो, "अरे ये की लवकर!" आपल्या इतिहासात पुतण्या ओरडतो काका मला वाचवा, आमच्या घरात उलटं झालं. त्याने कंट्रोलर घेतला, "काका तुम्ही जरा सरका," म्हणाला आणि दोन मिनिटात दोघांनाही झोपवलं. पुढचं मीच खेळलो आणि बर्फात उभ्या असलेल्या हेडीसला, तो एकदा पडून परत उठतो, तर दोन्हीदा पाडलं. मी सोफ्यावर उभा राहून नाचलो. तेवढ्यात झॅग्रियस मेला. हो, मेला, कारण जिंकून वर गेलं तरी त्या पोराला तिथे जगता येत नाही, तो परत घरीच येतो, आणि गोष्ट पुरी व्हायला असं दहा वेळा जिंकावं लागतं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेलास ना परत? मग ओरडतोयस कशाला?"

कन्येने विजयाची रेघ मारलीच नाही. म्हणे दादाने मदत केली, काउंट नाही.

मी तिला समजवायला म्हणून हर्क्युलिसची गोष्ट सांगितली, ही माझी घोडचूक. म्हणलं बघ, हर्क्युलिसला युरिस्थियस राजाने दहा कामं दिली, त्यात दुसरं काम होतं नऊ डोक्यांचा साप हायड्रा मारायचं, एक डोकं तोडलं की दोन उगवायची. वर हायड्राच्या मदतीला एक मोठा खेकडा आला आणि हर्क्युलिसच्या पायाला चावला, मग त्यानेही आपल्या पुतण्याला हाक मारली. पुतण्याच बरं का, आयोलॉस, भावाचा मुलगा. त्याने पलिता घेऊन माना डागल्या म्हणून डोकी उगवायची थांबली. म्हणजे पुतण्याला बोलवायची प्रथा तीन हजार वर्षं जुनी आहे.

"मग राजा काय म्हणाला?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं नाही. राजा म्हणाला पुतण्याची मदत घेतली, काउंट नाही.

"बघ!"

अगं पण खेकडा? तिकडून खेकडा आलेला चालतो, थिसियसच्या जोडीला बैल चालतो, आणि मी पुतण्या आणला की चालत नाही? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण पेन तिच्या हातात होतं.

दुसऱ्यांदा मी एकट्याने जिंकलो, एप्रिलच्या शेवटी. पण माझी ऑफिसात एकाशी पैज लागली होती, महिनाअखेरपर्यंत जिंकलो तर त्याने आमच्या घरच्यांना पावभाजी द्यायची. त्याने दिली. कन्येने तीन पाव खाल्ले, बोटं चाटली, आणि मग विचारलं की हर्क्युलिसची अजून किती कामं बाद झाली होती. तोवर तिने हर्क्युलिसच्या गोष्टींचं पुस्तक वाचून काढलेलं. ऑजियस राजाचे गोठे, हजारो गुरं, वर्षानुवर्षं शेण काढलेलं नाही, हर्क्युलिसने दोन नद्या वळवून एका दिवसात धुऊन काढले, पण आधी बोलणी केली होती की दहावा हिस्सा गुरं मला. युरिस्थियस म्हणाला मजुरी ठरवून केलंस, बाद. आणि ऑजियसने गुरंही दिली नाहीत. अशी दहाची बारा कामं झाली त्याची. अपोलोडोरस या ग्रीक लेखकाच्या नावावर जी पोथी आहे त्यात लिहिलंय की पहिल्या दहाला 8 वर्षं 1 महिना लागला, तेवढं झाल्यावर त्याला सांगण्यात आलं की दोन बाद आहेत, अजून दोन कर. मी होतो त्याच्या जागी तर युनियनकडे गेलो असतो.

आणि हा युरिस्थियस कोण, तर हर्क्युलिस मारलेला सिंह खांद्यावर टाकून आला तेव्हा इतका घाबरला की जमिनीत काशाचा रांजण पुरून घेतला लपायला. कन्येचंही तसंच, किचनमध्ये पाल दिसली की पलंगावर चढून तिथून हुकूम सोडते, बाबा तिला मारू नकोस फक्त बाहेर घालव. तो श्रम मी गेली आठ वर्षं करतोय, आणि तोही कुठे काउंट होत नाही.

तिसरा विजय मात्र मान्य झाला. एक रेघ. नऊ बाकी.

परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, पेपर संपले त्याचे, ते मशीन पाठवून द्या." मी म्हणलं हो हो, उद्याच पाठवतो. हर्क्युलिसचं शेवटचं काम होतं पाताळातून सर्बेरस म्हणजे तीन डोक्यांचा कुत्रा पकडून आणायचं, आणि आणून दाखवून झाल्यावर तो परत नेऊनही सोडावा लागला. दुसऱ्याच्या वस्तूचं असंच असतं. या गेममध्ये तोच कुत्रा बापाच्या टेबलाशेजारी बसलेला असतो आणि बटन दाबलं की त्याला थोपटता येतं. रात्री स्विच रुमालात गुंडाळायच्या आधी मी एकदा चालू केला, लढायला नाही, नुसता त्याच्यापाशी गेलो आणि थोपटलं, एकदा, दोनदा, दहादा.

मागून आवाज आला, "बाबा, हे काउंट नाही."