मेळघाटातील बालमृत्यूंचा दोष कोणाचा? एका फिरत्या मजकुराला उत्तर

पावसाळा लागला आणि धारणी-चिखलदऱ्याकडच्या बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या, की अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. तो थोडक्यात असा: सरकार मेळघाटावर कोट्यवधी रुपये खर्च करते, घरपोच आहार देते, दवाखाने उघडते, पण आईबाप आजारी पोराला दवाखान्याऐवजी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैद्याकडे नेतात, आहाराची पाकिटे जनावरांपुढे टाकतात, कोवळ्या वयात मुलींची लग्ने लावतात, एकापाठोपाठ एक मुले होऊ देतात आणि दिवाळी झाली की त्यांना घेऊन मजुरीला निघून जातात, शिवाय ही मुले न्यूमोनियाने आणि जुलाबाने मरतात, कुपोषणाने नव्हे, आणि जाब विचारल्याने अंगणवाडी सेविका व आशा खचतात, तेव्हा सरकारला जाब विचारणे थांबवा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षक आहेत, कृषी केंद्रांचे मालक आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. गावात ज्यांचा शब्द मानला जातो अशीच ही माणसे असल्यामुळे त्यातील एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

भूमकाचा मुद्दा आधी घेतो, कारण लोकांच्या मनावर सर्वाधिक परिणाम तोच करतो. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा मेळघाटात आहे. ती घातक आहे आणि तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु भूमका गावातच राहतो, रात्री दोन वाजता उठवले तरी उठतो, तेथील आदिवासींची कोरकू भाषा बोलतो आणि आईवर खेकसत नाही, हेही तितकेच खरे आहे. त्याच वेळी उपकेंद्राला कुलूप असेल, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचे पद रिक्त असेल आणि धारणीहून पुढे पाठवलेल्या बाळाला अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता कापावा लागत असेल, तर आई भूमकाकडे का गेली या प्रश्नाचे निम्मे उत्तर आरोग्य खात्याकडे मागावे लागते. कुपोषित मुलांवर उपचार करणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रात बाळाला दाखल करायचे म्हणजे आईने साधारण दोन आठवडे घरापासून, बाकीच्या मुलांपासून आणि मजुरीपासून दूर राहायचे. ही अडचण शासनाला ठाऊक होती, म्हणूनच १९९५ पासून चालू असलेल्या नवसंजीवनी योजनेत मुलासोबत राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची सोय केलेली आहे. ती मजुरी वेळेवर हातात पडते का, हे मजकूर पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल?

अज्ञानाच्या युक्तिवादाला विदर्भातच दिलेले सर्वांत भक्कम उत्तर गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदीच्या दशकात तेथील ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम सोपवले. बाळाला उबेत ठेवणे, वजन घेणे, स्तनपानाला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे, अशी ती कामे होती. १९९९ मध्ये ‘द लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या गावांतले आईबाप तीन वर्षांत सुशिक्षित वा श्रीमंत झालेले नव्हते; दाराशी येणारी सेवा तेवढी बदलली होती. पुढे केंद्र सरकारने २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. म्हणजे उपाय माहीत आहे आणि तो आपल्याच मातीत सिद्ध झालेला आहे. एखाद्या गावात आशांच्या ठरलेल्या गृहभेटी होत नसतील, त्यांच्या पिशवीत थर्मामीटर आणि वजनकाटा नसेल, तर तो आईच्या अज्ञानाचा विषय राहत नाही.

आता ‘सरकार एवढे देते’ या मुद्द्याकडे येऊ. येथे मी जरा थांबणार आहे, कारण ‘देते’ हे क्रियापदच वस्तुस्थितीला धरून नाही. भुकेच्या प्रश्नावर २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या २८ नोव्हेंबरला आहाराच्या योजनांना कायदेशीर हक्काचे स्वरूप दिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असे सांगितले. त्यानंतर २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्याच्या कलम ५ ने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत, वयानुरूप आहाराचा हक्क दिला. कलम ६ त्याहून महत्त्वाचे आहे: कुपोषित मूल शोधून काढण्याची आणि त्याला आहार देण्याची जबाबदारी ते राज्य शासनावर टाकते. म्हणजे आईने मूल घेऊन अंगणवाडीत यावे एवढ्यावर कायदा थांबत नाही. मूल आले नाही, तर त्याच्यापर्यंत पोहोचणे हे शासनाचे काम आहे.

कोट्यवधींचा हिशेबही एका मुलापर्यंत आणून पाहावा. केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेल्या दरानुसार अंगणवाडीतील एका सर्वसाधारण मुलाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये धरले गेले. एवढ्या पैशांत कायद्याच्या तेव्हाच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे सर्वसाधारण मुलाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित मुलाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवी होती. परतवाड्याच्या आठवडी बाजारात तूरडाळीचा आणि अंड्याचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याने हे गणित स्वतः मांडून पाहावे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, ही चांगली भर आहे. ज्या गावात बचत गटाची बिले वेळेवर निघतात तेथे ती योजना नीट चालते, हे मी पाहिले आहे. बिले थकली की अंडी आधी बंद होतात.

पाकिटांविषयीही सांगितले पाहिजे. घरपोच आहाराची काही पाकिटे खरोखर शेळ्यांपुढे जातात. एका अंगणवाडीत मी ते पीठ शिजवलेले पाहिले. सेविकेने साखर घालून पुन्हा हलवले, तरी दीड वर्षाच्या मुलीने पहिला घास तोंडातून बाहेर काढला आणि तिच्या आजीने घरून आणलेला ज्वारीच्या भाकरीचा वरणात कुस्करलेला काला ती वाटी संपेपर्यंत खात राहिली. या प्रसंगातून आजीच्या अडाणीपणाचा निष्कर्ष काढता येत नाही. अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, गावातील महिला मंडळे आणि बचत गट यांना काम द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच सांगितले होते. तरीही महाराष्ट्राने २०१६ मध्ये काढलेल्या घरपोच आहाराच्या निविदा लहान बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या ठरल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ती कंत्राटे रद्द करून नव्याने प्रक्रिया करायला सांगितले. जे अन्न मूल खात नाही ते निवडले कोणी, हा प्रश्न आईला विचारण्यात अर्थ नाही.

स्थलांतराचा मुद्दा तर मजकूर लिहिणाऱ्यावरच उलटतो. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबे अकोट, दर्यापूर, अचलपूरकडे कापूस वेचायला आणि सोंगणीला, नाहीतर वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीला परततात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण असल्यामुळे तेव्हा गाव भरते. ही ये-जा दरवर्षी त्याच महिन्यांत होते, म्हणजे तिची तयारी करायला प्रशासनाला पुरेसा अवधी असतो. लोक हौसेने जात नाहीत. रोजगार हमीची कल्पना देशाला याच राज्याने दिली, त्याचा कायदा १९७७ मध्ये केला. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे आणि कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याचे बंधन घातले. गावात काम मिळाले नाही किंवा केलेल्या कामाची मजुरी महिनोन् महिने अडली, की कुटुंब ट्रकमध्ये बसते. ज्या शेतमालकांच्या कपाशीत ही मजुरी लागते, त्यांच्यापैकीच काही जण संध्याकाळी हा मजकूर पुढे पाठवतात, याचे मला मनापासून दुःख होते.

गाव सोडल्यावर मुलाचा हक्क संपत नाही. अकोट तालुक्यातील अंगणवाडीने त्याला आहार दिलाच पाहिजे, आणि स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा ठेवण्याची प्रणाली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये सुरू केली ती याचसाठी. दुसरीकडे २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार देताना पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर चेहरा जुळवणे बंधनकारक झाले. आई शेतावर असते, आजी अंगणवाडीत येते, चेहरा जुळत नाही. चेहरा आईचाच असला तरी नेटवर्क सापडेपर्यंत सेविका हातातला मोबाइल उंच धरून टेकाडावर चढते. चोरी थांबवण्याचा हेतू मान्य केला तरी पडताळणीतील अडथळ्याची किंमत मुलाने मोजायची, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

बालविवाहाबाबत फार लांबण लावण्याची गरज नाही. प्रथा समाजाची आहे हे खरे. पण २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली महाराष्ट्रातील खेड्यांत ग्रामसेवकालाच प्रतिबंध अधिकारी नेमलेले आहे. गावात मांडव पडतो तेव्हा तो कुठे असतो, एवढे विचारले तरी पुरे. ‘मुलांची रांग’ हा आरोप करताना राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ वर आला होता, हे लक्षात ठेवावे. त्याच सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. पाच वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणातही कृश मुलांचे प्रमाण नेमके २५.६ टक्केच होते. मुले कमी झाली, कुपोषण जागेवर राहिले. तसेच अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४ गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ देताना मुलांची संख्या मोजत नाही. २०१७ च्या मातृवंदना योजनेने मात्र तो ५,००० रुपयांवर आणि पहिल्या अपत्यापुरता आणून ठेवला. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची भर पडली. तिसऱ्या खेपेच्या बाईला, जिच्या अंगात रक्त सर्वांत कमी असते, या योजनेतून काहीच मिळत नाही.

‘मूल न्यूमोनियाने मेले, कुपोषणाने नाही’ हे वाक्य सरकारी उत्तरांतूनच गटांवर आले असावे, इतके ते परिचयाचे आहे. कागदावर शेवटचे कारण न्यूमोनिया, जुलाब किंवा कमी वजन असेच लिहिले जाते. परंतु उपासमारीने खंगलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती उरत नाही आणि धडधाकट मूल ज्या आजारातून चार दिवसांत उठते त्यात ते जाते. पाच वर्षांखालील मृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांच्या मागे अपपोषण असते, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल दाखवते; त्या लाल पट्टीतील मुलाला जुलैत जुलाब लागले, तर मृत्यूच्या दाखल्यावर लाल रंगाची नोंद कुठेच होत नाही. डॉ. राजेंद्र बर्मा यांनी २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेत मेळघाटातील मृत्यूंवर आदेशामागून आदेश होत आले. आजार हेच एकमेव कारण असते, तर न्यायालयाला डॉक्टरांच्या रिक्त पदांपासून रस्त्यांपर्यंत सगळे विचारावे लागले नसते.

राहिला शेवटचा आक्षेप: जाब विचारल्याने सेविका आणि आशा खचतात. आज तक्रार झाली की नोटीस सेविकेलाच मिळते, त्यामुळे ही भीती मला खरी वाटते. जिचे मानधन वाढावे म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप करावा लागला, तिच्यावर सगळा भार टाकून वरचे मोकळे राहतात. ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित श्रेणीतील मुलांचा आकडा वाढला म्हणून तिला झापले, तर पुढच्या महिन्यात काठावरचे मूल ‘मॅम’ म्हणजे मध्यम कुपोषित श्रेणीत दिसेल आणि कुपोषित मुलांसाठी गावातच चालणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात त्याची सोय होणार नाही. म्हणून प्रश्न पर्यवेक्षिकेच्या, प्रकल्प अधिकाऱ्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या पातळीवर, लेखी आणि गावासमोर विचारले पाहिजेत. अन्न सुरक्षा कायद्याने त्याची वाटही दिली आहे. कलम १५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, कलम १६ प्रमाणे राज्य अन्न आयोग असतो, कलम २८ सामाजिक अंकेक्षणाची तरतूद करते, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा सबळ कारणाशिवाय न देणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ३३ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येत्या ग्रामसभेत अंगणवाडीचे वजन-उंचीचे रजिस्टर, आहारवाटपाची नोंद आणि बचत गटाच्या थकीत बिलांची तारीखवार यादी मागावी. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याची प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवून पोच घ्यावी.