डोक्याला पट्टा बांधला म्हणून तोल सावरत नाही

महिन्याभरात एकच व्हिडिओ मला पाच जणांनी पाठवला. तिघे माझे पेशंट, एक मावसभाऊ आणि पाचवे आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी. व्हिडिओत एक आजोबा कपाळाला पट्टा बांधून बसलेत आणि पुढच्या दृश्यात काठी ठेवून तुरुतुरु चालतायत. खालच्या मजकुराचा सारांश असा: रोज २० मिनिटं मेंदूला सौम्य वीज द्या, छोटा मेंदू जागा होतो, तोल सुधारतो, पाठीचा बाक जातो, व्यायाम नको, साइड इफेक्ट शून्य, ऑलिंपिकचे खेळाडूही हेच वापरतात. किंमतीसाठी मेसेज करा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोल जाणारी माणसं रोज बघते. या मजकुरातलं सगळंच खोटं असतं तर डिलीट करून मोकळी झाले असते.

आधी ‘छोटा मेंदू जागा होतो’ हे घेऊ. छोटा मेंदू म्हणजे मेंदूचा तोल सांभाळणारा भाग. या तंत्राला टीडीसीएस म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठेवून १ ते २ मिलिअँपिअर करंट सोडायचा. त्याने पेशी पेटून उठत नाहीत, त्यांची प्रतिसाद द्यायची तयारी थोडी वरखाली होते, इतकंच. जर्मनीत गोटिंगेनच्या निट्शे आणि पाउलुस या संशोधकांनी २००० साली हे नीट मोजून दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांनाच हा परिणाम दीड तासापर्यंत टिकलेला दिसला. तोही हाताच्या स्नायूच्या प्रतिसादात, चालण्यात नव्हे. शिवाय २०१८ साली मृतदेहांवर मोजमाप झालं, तेव्हा सुमारे ७५ टक्के करंट त्वचा आणि कवटीतच अडकतो असं आढळलं. आणि एक गंमत बघा. छोटा मेंदू असतो डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर. आजोबांचा पट्टा आहे कपाळावर!

‘तोल सुधारतो.’ इथे थोडं थांबायला हवं, कारण इथे खरंच काही काम झालंय. इटलीत ब्रेशियाच्या डॉक्टरांनी अटॅक्सियाच्या, म्हणजे छोट्या मेंदूच्याच आजाराच्या, पेशंटना मागून डोक्याला आणि पाठीच्या कण्याला दोन आठवडे करंट दिला आणि खोट्या करंटच्या (यंत्र लावायचं, पण वीज द्यायची नाही) तुलनेत फरक दिसला. आशा वाटावी असं काम आहे. पण तो एक विशिष्ट आजार, आणि करंट डॉक्टरांच्या देखरेखीत. इतरत्र निकाल संमिश्र आहेत. त्यातही मोजतात काय? माणसाला अनवाणी एका प्लेटवर उभं करतात, डोळे मिटायला सांगतात, आणि पावलांखालचा भार किती झुलतो ते मशीन टिपतं. आपले आईवडील त्या प्लेटवर पडत नाहीत. ते पडतात रात्री दोनला बाथरूमला जाताना, पायपुसण्यात पाय अडकून, झोपेच्या गोळीच्या अंमलात. झुलणं कमी झालं म्हणजे पडणं कमी झालं, असं होत नाही.

आणि तोल जाणं हा काही एक आजार नाही. व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकी एका काकूंना कुशीवर वळलं की खोली फिरायची. पट्ट्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. कानाच्या आतले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून भलत्या नळीत गेले होते. डोकं ठराविक क्रमाने वळवून ते परत आणले, दहा मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या कुणाचे मधुमेहाने तळपाय बधिर झालेले असतात, कुणाचं उठताना बीपी उतरतं, कुणाचा मोतीबिंदू पिकलेला असतो. या सगळ्यांना एकच पट्टा?

पाठीच्या बाकाबद्दल जास्त बोलत नाही. हाडं ठिसूळ होऊन मणके चेपले असतील तर डोक्यावरच्या करंटने ते उभे राहत नाहीत.

आता ऑलिंपिक. २०१६ साली हेलो या अमेरिकन कंपनीने स्की जंपर्सवर, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्की बांधून लांब उडी घेणाऱ्यांवर, प्रयोग केला आणि उडीचा जोर ७० टक्के, समन्वय ८० टक्के सुधारल्याचं सांगितलं. खेळाडू किती? सात. चौघांना खरा करंट, तिघांना खोटा. आमच्या लिफ्टमध्ये याहून जास्त माणसं मावतात. आणि प्रयोग यंत्र विकणाऱ्यांचाच. त्यातली खरी मेख पुढे आहे: ते खेळाडू नुसते पट्टा बांधून बसले नव्हते, दोन आठवडे, आठवड्यातून चारदा, डगमगत्या फळीवर उड्यांचा सराव करत होते. म्हणजे ‘व्यायाम नको’ म्हणणाऱ्यांनी उदाहरण दिलंय ते व्यायामाचं!

व्यायामाचा हिशोब मात्र साफ आहे. वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात पडण्याचं प्रमाण मोजलेल्या ५९ चाचण्या, जवळजवळ १३ हजार वयस्कर माणसं. पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी. ओट्याला हात टेकून टाचेला चवडा लावत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, असलेच साधे प्रकार. याचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही.

‘साइड इफेक्ट शून्य’ही खरं नाही. मुंग्या येतात, त्वचा लाल होते, स्पंज वाळला तर भाजतं. प्रयोगशाळेत आधी फिट्स, डोक्यातला धातू, पेसमेकर हे सगळं विचारतात. मेसेज करून मागवलेलं यंत्र काही विचारत नाही.

सेक्रेटरी म्हणाले, रविवारी हॉलमध्ये डेमो ठेवलाय, आता रद्द कसा करू? म्हटलं, करू नका. फक्त पट्टा कपाळावर का बांधता, ते पहिल्या रांगेतून मोठ्याने विचारा.