म्हणे शिकता शिकता फी वसूल!

वाळपईच्या माझ्या बहिणीनं परवा रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे खरं रे? हे म्हणतात, कुळागर बँकेत तारण ठेवूया." कुळागर म्हणजे त्यांची घरची बाग. भाचीची बारावी यंदा. मी कळंगुटच्या पट्ट्यात हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळतो, त्यामुळे घरात या विषयाचं खापर शेवटी माझ्याच डोक्यावर फुटतं.

फॉरवर्ड तुमच्याकडेही फिरत आला असेल. बर्फाचे डोंगर, कोट घातलेली हसरी पोरं आणि मजकूर थोडक्यात असा: गोव्यात हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे वेटरगिरी. स्वित्झर्लंडला इंटरनॅशनल हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट करा आणि थेट मॅनेजर व्हा. शिकता शिकता कमवा, दोन वर्षांत फी वसूल. डिग्रीनंतर पीआर, म्हणजे तिकडे कायमचं राहायचा परवाना, नक्की. क्रूझवाले आता इंटरनॅशनल डिग्रीशिवाय उभं करत नाहीत. बारावीचे टक्के कोणी विचारत नाही. जागा मर्यादित. खाली एक मोबाइल नंबर.

आधी फीचं बघू, कारण कुळागर त्याच्यावर टांगलंय.

स्वित्झर्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यानं किती काम करायचं, हे एजंट ठरवत नाही, तिथल्या सरकारचा नियम ठरवतो. परदेशी नागरिकांच्या प्रवेश आणि निवासाविषयीचा त्यांचा अध्यादेश आहे, त्याचं कलम 38 उघडा. शिक्षण सुरू झाल्यापासून पहिले सहा महिने काम नाही. त्यानंतर, सुट्ट्या सोडल्या तर, आठवड्याला जास्तीत जास्त 15 तास. तेही मालकानं अर्ज करायचा, आणि या कामानं शिक्षण लांबणार नाही असं शाळेनं लिहून द्यायचं. 15 तास म्हणजे आमच्या हॉटेलातल्या दोन पाळ्यासुद्धा पुऱ्या होत नाहीत. एवढ्यात खोलीभाडं निघालं तरी नशीब म्हणायचं. फी कुठली वसूल होतेय?

आणि ही सवलत तरी कोणाला? विद्यापीठात किंवा त्यांच्या उपयोजित विद्यापीठांत शिकणाऱ्यांना. तिथे खासगी हॉटेल स्कूलं पुष्कळ आहेत, त्यातल्या काही चांगल्याही आहेत, पण काहींची डिग्री ब्रिटनमधल्या एखाद्या विद्यापीठाच्या नावानं मिळते. शाळा स्वित्झर्लंडमध्ये आहे, एवढ्यावर ती तिथल्या कायद्यानं उच्चशिक्षण संस्था ठरत नाही. फॉरवर्डमध्ये शाळेचं नावच नाही. मग कुठला नियम लागू होतो हे बहिणीनं तपासायचं कसं?

सगळ्यात भारी गंमत पुढेच आहे. शिकायला येणाऱ्याला परवाना देतानाच तिथला कायदा विचारतो, तुझ्याकडे पुरेसा पैसा आहे का, राहायची सोय आहे का. म्हणजे "तिकडे जाऊन कमवीन आणि फी भरीन" हा ज्याचा बेत, तो पहिल्याच अटीत बसत नाही. एजंट नेमका तोच बेत विकतोय.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो, नाहीतर उद्या कोणी त्यावरूनच मला पकडेल. तिकडच्या इंटर्नशिपला पगार मिळतो. हॉटेल आणि रेस्टॉरंट धंद्याचा देशभर लागू असलेला सामूहिक करार आहे, त्यात इंटर्नचं किमान वेतनही ठरलेलं असतं. अभ्यासक्रमाचाच भाग असेल तर या कामाला वेगळी परवानगी मिळते, फक्त ते एकूण शिक्षणाच्या निम्म्याहून जास्त काळ चालता कामा नये. पण त्या पगारातून राहणं, जेवण, विमा, कर वजा करा. उरतं त्याला हातखर्च म्हणतात.

आता ते "थेट मॅनेजर". हे वाचून मी मोठ्यानं हसलो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं हॉटेल स्कूल 1893 साली सुरू झालं, या विद्येचं जगातलं सगळ्यात जुनं घर ते. मॅनेजर घडवण्यासाठीच त्याची ख्याती. तिथे बॅचलर करायला गेलेला पोरगा सुरुवातीच्या तयारीच्या वर्षात काय करतो? स्वयंपाकघरात उभा राहतो, टेबलं लावतो, खोल्या साफ करायला शिकतो आणि मग इंटर्नशिपला जातो. त्यांच्या कॅम्पसवर मिशेलिनचा तारा मिळालेलं रेस्टॉरंट आहे, तिथे वाढायला विद्यार्थीच असतात. म्हणजे ज्या "वेटरगिरी"ला फॉरवर्डवाला नाक मुरडतो, ती त्याच्या स्वप्नातल्या देशात अभ्यासक्रमाची पहिली पायरी आहे.

असायलाच हवी. माझ्याकडे ट्रेनिंगला पोरं येतात, त्यांना पहिल्या आठवड्यात मी एकच काम देतो. पलंगाची चादर ओढून कोपरा पंचेचाळीस अंशांत मुडपायचा, सुरकुती दिसली तर उपसून पुन्हा घालायची. मग बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून कमोडच्या मागे बघायचं. ज्यानं हे केलंय त्याला उद्या सुपरवायझर म्हणून खोली तपासताना कळतं की केस नेमका कुठे अडकतो, आणि एका माणसाला दिवसाला किती खोल्या देणं रास्त आहे. ज्यानं केलेलं नाही, तो रोस्टर लावताना माणसं पळवून लावतो. कोटवाल्या असल्या मॅनेजरांच्या हाताखाली मी राबलोय.

गोव्यातलं सगळं गोड आहे असंही नाही. ट्रेनिंगच्या नावाखाली पोरांना ब्रेक शिफ्टमध्ये, म्हणजे मधे काही तास सोडून दोन तुकड्यांत, राबवायचं, स्टायपेंड चहापाण्याइतका द्यायचा आणि पूर्ण सहा महिने एकाच खात्यात डांबून ठेवायचं, हे इथे चालतं आणि ते लाजिरवाणं आहे. फॉरवर्डवाल्यानं हे लिहिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यावर उपाय म्हणून कुळागर?

शिवाय "इंटरनॅशनल" शब्दासाठी विमान पकडायची गरज नाही. सासष्टी तालुक्यात राय गावात व्हि. एम. साळगावकर यांच्या नावाची संस्था आहे, तिच्या नावातच इंटरनॅशनल हॉस्पिटॅलिटी एज्युकेशन आहे आणि ती गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. पर्वरीला केंद्राच्या अखत्यारीतलं आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, आहे. वाळपईतून पर्वरीला जायला व्हिसा लागत नाही. पैशाचीच अडचण असेल तर गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या अटी तिथे जाऊन वाचायला सांगितलंय बहिणीला.

पीआरचं दोन वाक्यांत. तिथल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थेची डिग्री असेल तर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात, आणि नोकरीसुद्धा शास्त्रीय किंवा आर्थिक दृष्टीनं देशाच्या विशेष हिताची असेल तरच सवलत. कायमचा परवाना भारतीयाला साधारण दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर, म्हणजे "नक्की" हा शब्द एजंटनं स्वतःच्या खिशातून घातलाय.

बारावीच्या टक्क्यांवर बोलण्यात अर्थ नाही. जी शाळा काहीच विचारत नाही, ती फीच विचारते.

राहिली क्रूझ. हे गोव्यात, तेही तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, गोव्यात सांगायचं म्हणजे धाडसच. केबिन स्टुअर्ड किंवा असिस्टंट वेटर म्हणून बोटीवर चढायला डिग्रीपेक्षा आधी एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातले सुरक्षेचे कोर्स, मेडिकल आणि इंग्रजी बोलता येणं लागतं. हॉटेलातला अनुभव असला की काम सोपं होतं. वरच्या पदांना डिग्री उपयोगी पडते, हे खरं. पण भरती करणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना हवा, आणि नोकरी लावून देण्यासाठी त्यानं खलाशाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असा 2016 सालचा नियम आहे. परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. बहिणीला म्हटलं, त्या नंबरवर फोन कर आणि परवाना क्रमांक विचार. तिनं केला. पलीकडच्या बाईनं विचारलं, "मॅडम, लोन आमच्याकडूनच करणार ना?"