इन्सुलिन लिहून दिले, शिकवायचे कोणी?

आज सकाळी शेजारच्या काकूंना घेऊन बेळगावातील एका रुग्णालयात गेले होते. आमच्या आधी खानापूरकडचे एक वयस्कर शेतकरी सुनेला घेऊन आत गेले आणि थोड्याच वेळात बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात आतून बोलणे ऐकू आले, "मामा, कितीदा सांगायचं तुम्हाला? भात सोडा म्हटलं तर सोडत नाही, मग पाय कापायची वेळ आली की आमच्याकडे येता." मामा टोपी हातात धरून बाहेर आले, ते एक अक्षरही न बोलता. सुनेने तिथल्या सिस्टरना विचारले की हे इन्सुलिन जेवणाच्या किती आधी घ्यायचे. सिस्टर सांगू लागल्या, तेवढ्यात बिलाच्या फाइलसाठी त्यांना हाक आली आणि त्या निघून गेल्या. सून कागद उलटसुलट करून पाहत राहिली.

डोके तापलेलेच आहे, म्हणून लिहिते आहे. मधुमेहाच्या रोग्याला डॉक्टर महिन्यातून एकदा, तेही पाच मिनिटे भेटतात. बाकी सारे दिवस सुई टोचणे, साखर पाहणे, जेवणाची वेळ सांभाळणे, पायाची जखम शोधणे ही परिचारिकेची सगळी कामे तो स्वतः किंवा घरातील सून करत असते. ही कामे त्यांना शिकवणे म्हणजेच उपचार. आपल्याकडे मात्र उपचार प्रिस्क्रिप्शनवर संपतात, आणि पुढे काही बिघडले की दोष रोग्याच्या ताटातल्या भातावर जातो.

माझ्या आत्याचे उदाहरण घ्या. तिला सकाळी २० युनिट इन्सुलिन लिहून दिले होते. बाटली ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली. तिची सिरिंज लाल टोपणाची असायला हवी होती, पण औषध दुकानात ती संपली होती म्हणून नारिंगी टोपणाची, १०० ची, म्हणजे मिलिलिटरला १०० युनिट धरून रेघा आखलेली सिरिंज मिळाली. "चालतंय, दोन्ही सारखंच," असे दुकानातल्या मुलाने सांगितले. आत्या इमानेइतबारे २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन भरत होती आणि तिच्या अंगात जात होते फक्त ८ युनिट. साखर उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवून ३० केला, तरी पोटात १२ च जात होते. प्रत्येक भेटीत तिला ऐकावे लागले की ती पथ्य पाळत नाही, चोरून गोड खाते. घरातल्यांनीही तिच्यावर पाळत ठेवली. कोणी पाहुण्याने कुंदा आणला की डबा माळ्यावर जाई. आणि ती बाई खरोखरच काही खात नव्हती!

हे उघडकीला आणले ते प्राथमिक आरोग्य केंद्रातील एका सिस्टरनी. त्या गोकाककडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. मोडक्या मराठीत त्यांनी एवढेच म्हटले, "अव्वा, घरी कसं घेता ते मला करून दाखवा बघू." आत्याने पिशवीतून बाटली आणि सिरिंज काढली आणि सिस्टरना सगळा उलगडा झाला. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावून डोस पुन्हा खाली आणवला, कारण बरोबर सिरिंजमध्ये ३० पर्यंत भरले असते तर आत्या त्याच दिवशी साखर एकदम उतरून घामाने चिंब होऊन बेशुद्ध पडू शकली असती. याच्या उलट, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, असे झाले असते तर २० च्या जागी ५० युनिट गेले असते. तेव्हा दोष कोणाच्या भाताला दिला असता?

फवारणीचे औषध घेतले तर दुकानदारसुद्धा एका पंपाला किती झाकणे ते दोनदा सांगतो. इन्सुलिनच्या वेळी कोणालाच वेळ नसतो.

सिस्टर लोकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. अख्खा वॉर्ड एका सिस्टरवर, त्यात सलाईन, रजिस्टर, बिल आणि नातेवाइकांची आरडाओरड, हे मी पाहिले आहे. रोगीही काही धुतल्या तांदळाचे नसतात, विचारले तर निम्मे सांगतात, हेही मान्य. पण जिथे शिकवणे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही तिथे ते होणार कसे?

आपल्या भागात माहितीपत्रक कन्नडमध्ये की मराठीत यावर आपण तावातावाने बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण आत्याला दोन्हीही वाचता येत नाही. तिला शिकवले ते हाताला धरून. दुधाळ दिसणारी बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये हळूच फिरवायची. रोज बेंबीशेजारी एकाच जागी टोचू नये, तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषले जात नाही. बाटली फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची नाही, इन्सुलिन गोठले की निकामी. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेले मडके चालते. अचानक घाम फुटला, हात थरथरले की आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, मग जेवायचे. आत्याने हे सगळे तोंडपाठ केले आहे आणि आता गल्लीतल्या बायकांना तीच शिकवते.

आणि पाय. भाताच्या खाचरात अनवाणी, यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी, न्हाणीतल्या हंड्यातले कढत पाणी थेट पायावर. मधुमेहाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला काटा बोचलेला कळत नाही आणि भाजलेलेही कळत नाही. रोज रात्री तळवा पाहावा, दिसत नसेल तर आरसा धरावा, पाणी आधी कोपराने पाहावे. एवढे त्या मामांना कोणी सांगितले असेल का? "पाय कापावा लागेल" हे मात्र ओरडून सांगितले गेले. एकादशीला साबुदाणा खाऊन किंवा उपाशी राहून इन्सुलिनचे काय करायचे, हा प्रश्न तर आपले लोक भीतीने विचारतच नाहीत.

मधुमेह, रक्तदाब अशा आजारांसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. आता तिशीच्या पुढच्यांची साखर गावातच तपासतात. चांगले आहे, नाही कसे म्हणू? पण बोटाला सुई टोचून आकडा वहीत लिहिला की काम झाले असे समजले जाते.

१४ नोव्हेंबरला, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्या जन्मदिवशी, म्हणजे मधुमेह दिनाला, आपल्याकडची मंडळे आणि पतसंस्था मोफत तपासणी शिबिरे भरवतात, फोटोही येतात. माझ्या मित्रयादीत अशा संस्थांचे पदाधिकारी बरेच आहेत, त्यांना थेट विनंती. यंदा बॅनरचा खर्च थोडा आवरा आणि कन्नड-मराठी दोन्ही बोलणाऱ्या अनुभवी सिस्टरना मानधन देऊन दिवसभर बसवा. लोकांना घरची बाटली, सिरिंज आणि रोजच्या चपला घेऊन यायला सांगा, आणि त्यांच्याकडून करवून घ्या. जागेची अडचण असेल तर आमच्या गल्लीतला हॉल मी मिळवून देते, आणि आत्यालाही घेऊन येते.