कँडिड म्हणजे चोरून नव्हे

“इकडे बघ! हास! अगं, नीट हास ना!” परवा वाढदिवसाला सहा वर्षांच्या भाचीला चार मोठी माणसं एकदम हे सांगत होती. चौघांच्या हातात चार मोबाइल. पोरीने बिचारीने बत्तीशी दाखवली, पण डोळे कोपऱ्यातल्या फुग्यावर. फोटो आला तो पासपोर्टसाठी काढल्यासारखा, फक्त दात जास्त.

हुकमाने हसताना डोळे साथ देत नाहीत, हे द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय. ओठ आपण म्हणू तसे ताणले जातात. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र सहसा खरं हसू आलं तरच आवळतो. आणि आपण अजून “हास, हास” करतोय.

पूर्वी नाइलाज होता. १८३९ मध्ये दागेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत जगापुढे आली तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागायची. पुढे वेळ कमी झाला, तरी मान हलू नये म्हणून पाठीमागून चिमटा लावत. तान्ह्या मुलाला कोण चिमटा लावणार? मग आईच डोक्यावरून कापड ओढून खुर्चीसारखी बसायची आणि मांडीवर मूल. असे फोटो आजही बघायला मिळतात. एकदा कापडाखालची आई दिसली, की पुन्हा बाळाकडे लक्षच जात नाही. आज उजेड असेल तर खिशातला फोन सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो काढू शकतो, तरी आपण मुलांना खिळवूनच उभं करतो.

याच्यावर उपाय म्हणून लोक पडद्याआडून, लांबून झूम करून फोटो काढतात आणि त्याला कँडिड, म्हणजे पोझ न देता सहज टिपलेला फोटो म्हणतात. मला ते पटत नाही. त्यात माणसं दिसतात, जवळीक दिसत नाही. (सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालून, न झालेल्या विनोदावर हसायचं, हा तिसरा प्रकार. त्यावर न बोललेलं बरं.)

माझी रीत साधी आहे. लपायचं नाही, कंटाळवाणं व्हायचं. कॅमेरा पहिल्यापासून गळ्यात. सुरुवातीचे वीस-पंचवीस फोटो वाया जाणार हे धरूनच चालायचं. त्यात सगळे केस सारखे करत असतात. “काढलास का? दाखव!” हे विचारायचं लोक थांबले, की खरं काम सुरू.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर भाची बूट घालत बसली. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, नाडीचा एक फास झालेला, दुसरा बोटांतून निसटतोय. आजोबांचा हात मदतीला पुढे आला. तिने न बघताच तो बाजूला सारला. आजोबांनी हात मागे घेतला, पण पूर्ण नाही. तसाच हवेत, लागला तर असावा म्हणून.

तो क्षण मला मिळाला आणि फोटो हलला! खोलीत उजेड कमी, कॅमेरा ऑटोवर, त्याने शटर उघडं राहायचा वेळ १/६० सेकंदावर नेऊन ठेवलेला. चूक माझीच. घरात मुलं असली की मी शटर १/२५० पेक्षा मंद होऊ देत नाही, पळापळ असेल तर १/५००, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे. दाणेदार फोटो चालतो, पुसट चेहरा चालत नाही. फ्लॅश तर नकोच. एकदा चमकला की पुन्हा सगळे ताठ. त्यापेक्षा खिडकीच्या बाजूला बसावं. ‘बसावं’ हे शब्दशः घ्या. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलांचे नुसते भांग येतात. आणि फोन अगदी तोंडाजवळ नेऊ नका, नाक फुगतं.

नशिबाने दुसरी नाडी बाकी होती. आजोबांचा हात पुन्हा पुढे आला, पुन्हा सारला गेला. हा फोटो आला.

मूल “नको” म्हणालं तर मात्र कॅमेरा खाली. फोटो सगळ्यांना दाखवायच्या आधीही मी तिला विचारते. रडतानाचा, आंघोळीचा फोटो तर विचारण्याचाही प्रश्न नाही, तो घरातच राहतो. आणि फाइलमध्ये जागेचा पत्ता नोंदलेला असू शकतो. पाठवण्याआधी तो काढून टाकलेला बरा.

परवाचे सगळे फोटो बहिणीला पाठवले. ती म्हणाली, “छान आहेत गं, पण मी कुठाय?” खरंच की. मी बूट-नाड्या टिपत बसले आणि ती दिवसभर फोन धरून उभी. सहा वर्षांच्या अल्बममध्ये तिची सावली आहे, दोनदा अंगठा आहे. कापड नाही, एवढाच फरक.

मग फोन भाचीकडे दिला. तिने एका दमात चाळीस फोटो काढले. तिला वाकावं लागत नाही, त्यामुळे माझ्या नाकपुड्याच जास्त. एकोणिसाव्या फोटोत बहीण फुग्याची गाठ दातांनी सोडवतेय, एक डोळा मिटलेला, केस विस्कटलेले. “हा डिलीट कर,” ती म्हणाली. भाचीने फोन पाठीमागे लपवला.