एक वर्षाची मुदत लेखात यायला हवी होती

लग्नाआधी आजार लपवला तर विवाह रद्द होतो, असं लेखात एका ओळीत म्हटलंय. तो आपोआप होत नाही हो! हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली कोर्टात अर्ज करावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत. शिवाय कळल्यावरही राजीखुशीने एकत्र संसार केला असेल, तर तो अर्ज टिकत नाही. आपल्याकडे नेमकं हेच घडतं. मुलीला गोळ्यांची पाकिटं सापडतात आणि दोन्हीकडची वडीलधारी "थोडं सांभाळून घे" म्हणत वर्ष घालवतात. मग घटस्फोटाचा लांबचा रस्ता उरतो.

आणखी एक. फिट येणं हा आता विवाहाच्या अटींतला अडथळा नाही. १९९९ च्या दुरुस्तीत अपस्मार त्यातून वगळला. त्यामुळे आजारी माणसाला दोषी धरू नका, प्रश्न लपवण्याचा आहे. माझ्या भावाला फिट येतात. स्थळ बघतानाच आम्ही डॉक्टरांचे कागद समोर ठेवले. काही स्थळं परत गेली, वाईट वाटलं, पण वहिनी सगळं माहीत असून आली. आणि विवाह रद्द झाला तरी त्यातली मुलं कलम १६ नुसार औरसच असतात, हेही लोकांना सांगा.